काट्याला हाका

रात्री दोनला डाळमिलच्या ऑफिसात पंखा घरघरायला लागला,
छताचा नव्हे, कंप्युटरच्या पोटातला.
बिदरचा ट्रक फाटकात उभा,
तीनशे पोती तूरडाळ, वर ताडपत्री आवळलेली,
आणि पावती निघंना.
"म्याडम, झोपलं का तुमचं मशीन?"
खाजामियांनी खिडकीतून विचारलं.
झोपलं असतं तर बरं होतं.

काळा पडदा उघडला. टॉप लिहिलं, एंटर.
सगळ्यात वर एकच नाव: काटा.
अख्खा प्रोसेसर एकटं खायलंय.
ज्या टर्मिनलात जन्मलं ते कधीच मिटलेलं,
बापाच्या रकान्यात नुसता एक.
ज्याला कुणी नाही
त्याला इथं एक नंबर पदरात घेतो.

लिहिणारा उत्तरेश्वर बिडवे.
चार वर्षांमागं उदगीर सोडून औशाला गेला.
फाइल उघडली, वर त्याचीच टीप:
"काटा म्हातारा हाय. उत्तर उशिरा देतो. इचारत ऱ्हा.
कुणी बंद हो म्हणलं तरी ऐकू नको."

आज दुपारी क्रेननं तो काटा उचलला.
भंगारवाल्यानं वायर मुळातून तोडली.
पूर्वी विचारलं की काटा वेळ लावायचा,
तेवढ्यात ह्याचा डोळा लागायचा.
आता 'नाही' लगेच येतं.
म्हणून हे लगेच परत विचारतं,
सेकंदाला हजारदा,
किती? किती? किती?

आधी पंधरा नंबर पाठवला.
पंधरा म्हणजे दारात उभं राहून सांगणं:
आवर बाबा, हातातलं खाली ठेव, चल.
नाही ऐकलं. शिकवलेलंच तसं.

मग नऊ.
नऊ त्याच्या कानापर्यंत जातच नाही.
कर्नल सरळ उचलतो,
अर्धा प्रश्न तोंडात असताना.
पंखा उतरत गेला.
पलीकडची चाळणी ऐकू आली, खाजामियांचा खोकला.
मी चहाचा थर्मास उघडला

आणि पंखा पुन्हा.
तेच नाव, नवा नंबर.
उत्तरेश्वरानं राखणदारही ठेवलेला, क्रॉनमध्ये:
दर मिनिटाला बघ, पडलं असलं तर उभं कर.

फोन लावला. दुसऱ्यांदा लावल्यावर उचलला.
"अजून चालू हाय व्हय ते?"
झोपेतल्या आवाजात थोडं कौतुक.
काटा नेला म्हणून सांगितलं.
बराच वेळ नुसता त्याच्याकडच्या कुलरचा आवाज.
मग म्हणाला, "ओळ पुसू नका, म्याडम.
पुढं हॅश टाका निस्तं."

टाकला. परत नऊ.
ह्या वेळी घड्याळाकडं बघत बसले.
साठ. एकसष्ट. सत्तर.

पावती निघाली, शाई जरा फिकी.
ट्रक रस्त्याकडं वळला.
काट्याच्या खड्ड्यात संध्याकाळीच मुरूम भरलाय,
अजून बसला नाही.
मागची चाकं वीतभर खाली गेली, वर आली.
किती, ते कुणी विचारलं नाही.