हा प्लग काढू नये

आम्ही सातजण, दर गुरुवारी
कास्त्रोच्या अग्निशामक ठाण्यात.
खाली बंब, वर आम्ही,
मधे ओल्या बुटांनी काळा पडलेला जिना.
एलिसेर पलीकडच्या बेटावरून येतो,
समुद्राची मर्जी असेल तर.
जूनमध्ये मर्जी नव्हती. सलग तीन गुरुवार फेरी बंद,
आणि त्याच्या लॅपटॉपचं जे दुखणं
आम्ही निम्मं सोडवलं होतं
ते तिकडं निम्मंच राहिलं.

तेव्हा ठरलं, बोलायला आपलं असं काही हवं.
कुणीतरी म्हणालं, फोनवर आहेच की सगळ्यांकडं.
नेल्दा म्हणाली, आहे, पण ती दुसऱ्याची ओसरी.
बसू देतात तोवर बसायचं.

सॅल्मनच्या कारखान्यानं भंगारात काढलेला संगणक
रोसामेलनं बियरच्या दोन खोक्यांवर मिळवला.
उघडला तर आत मीठ फुललेलं.
जुना टूथब्रश, स्पिरिट, एक अख्खी दुपार.
लिनक्स चढलं तिसऱ्या खेपेला,
मग चॅनल, मग सात नावं, सात पासवर्ड
(माझा दोनदा विसरला, मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो,
हाताला लक्षात राहतं, डोक्याला नाही).
चॅनलला नाव काय द्यायचं यावर भांडण.
पेंग्विन नको, रोसामेल म्हणाला,
आपल्याकडं ते खरे आहेत, आणि घाण वास मारतात.
शेवटी ठेवलं बटाटा.

पण यंत्र ठेवायचं कुठं?
ठाण्यात भोंगा वाजला की दिवे डोळे मिचकावतात.
माझी शेड गळते.
या बेटांवर बाराही महिने कोरडी जागा एकच,
चुलीशेजारची. म्हणून नेल्दाचं स्वयंपाकघर,
बटाट्याच्या पोत्याला टेकून.

पहिल्या रात्री सगळे आत आलो
आणि कुणालाच काही सुचेना.
समोरासमोर तासन्‌तास भांडणारी माणसं
नुसती लुकलुकत बसली.
एलिसेरनं लिहिलं : इकडं गारा.
आम्ही लिहिलं : इकडंही.
तेवढ्यात सगळे धाडकन बाहेर.
नेल्दाच्या सुनेनं केटली लावली होती.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी :
हा प्लग काढू नये. सहा माणसं आत आहेत.

नेल्दा पूर्वी रेडिओवर निरोप वाचायची, बावीस वर्षं.
अलाओ बेटावरच्या ओर्तेन्सियाबाईंना कळावे,
नवऱ्याला दवाखान्यातून सोडले,
शनिवारी धक्क्यावर घोडा घेऊन या.
वाचायचं, आणि गप्प बसायचं.
कोण ऐकतंय, कुणाची बॅटरी संपली, कुणी वाऱ्यावर होतं,
काही कळायचं नाही. उत्तराची सोयच नव्हती.
शनिवारी धक्क्यावर घोडा दिसला
की समजायचं, पोचलं.

हे तिनं एका रात्री चॅनलवर सांगितलं,
एका बोटानं, चुका न सुधारता.
तेव्हापासून आमच्यात
पोचलं असं कुणी लिहीत नाही.
अमुक आज्ञा देऊन बघ. : घोडा.
केबल पाठवली, पावाच्या पिशवीत आहे. : घोडा.
एलिसेरचं वायफाय ऑगस्टात सुरू झालं
तेव्हा त्यानं एकाखाली एक अकरा घोडे लिहिले.

सप्टेंबरच्या वादळात साऱ्या बेटाची वीज गेली.
दोन दिवसांनी यंत्र उठलं, खाकरलं,
आणि रात्री तीन वाजता
एक अनोळखी नाव आत आलं.
दक्षिणेकडून कुठूनतरी, केयोनहून असेल.
माझा प्रिंटर बोलत नाही, त्यानं लिहिलं.
मग बराच वेळ काही नाही.
मग : कोणी आहे का?
मग : हे घोडे कसले?

आम्ही सगळे झोपलो होतो.
सकाळी सातला नेल्दानं चुलीत लाकूड सारलं,
चष्मा शोधला, पोत्याशेजारी स्टूल ओढलं,
आणि लिहायला घेतलं.
चाळीस मिनिटं लागली तिला.
तो अजून आत होता.