शून्य आणि आडवी रेघ

थ्वेटसाहेबांनी किल्ली हातावर ठेवली, काही बोलले नाहीत.
मग फाटकाशी थांबून म्हणाले,
"ढग असले तरी पट्टी बदलायची."

सिलोथ. सॉल्वेच्या खाडीवरचं गाव.
पलीकडे स्कॉटलंडचा क्रिफेल डोंगर,
दिसला तर पाऊस येणार, नाही दिसला तर आलाय,
असं माझ्या औषधांच्या दुकानात प्रत्येक जण
मला पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगतो.

बोलिंगच्या हिरवळीमागे, छातीएवढ्या खांबावर,
मोठ्या मोसंब्याएवढा भरीव काचेचा गोळा.
त्याच्या पाठीशी खाचेत निळसर पट्टी,
तासातासाला पांढरी रेघ.
ऊन पडलं की गोळा ते एका टोकावर आणतो
आणि पट्टी जळते.
चाक नाही, काटा नाही.
हलायचं काम पृथ्वीकडे.

हिवाळ्याची पट्टी आखूड, उन्हाळ्याची लांब, दोन्ही वाकड्या.
मार्च आणि सप्टेंबरची तेवढी सरळ.

उन्हं गेली की मी ती ओढून काढते,
मागे तारीख घालते, दिव्याखाली धरते.
ढगांच्या फटीतून आलेलं ऊन फार बढाईखोर.
दोन मिनिटं डोकावतं
आणि सहा मिनिटांचं भोक पाडून जातं.
म्हणून गोल डागाच्या कडा सोडून मोजायचं.
"उदार होऊ नकोस," थ्वेट म्हणाले होते,
"फेब्रुवारीत माणसं उदार होतात."

हॉटेलवाल्या मिसेस पॅटिन्सन
खोकल्याची बाटली पिशवीत टाकता टाकता विचारतात,
"मे महिना दोनशेच्या वर नेशील ना? माहितीपत्रक छापायचंय."
एकशे सत्त्याण्णव पूर्णांक तीन, मी म्हणते,
आणि सुटे पैसे परत करते.

आमच्याकडे माणसं सांगतात,
केस काही उन्हात पांढरे केले नाहीत.
थ्वेटनी तेच केलंय.
सत्तावीस वर्षं, दशांश दशांशाने.

त्यांच्या पट्ट्या बुटांच्या खोक्यांत आहेत.
एका नोव्हेंबरच्या अकरा कोऱ्या,
रबराने बांधलेल्या, प्रत्येकीमागे तारीख.
ऊन नव्हतं, याचासुद्धा कागद लागतो.
वहीत तिथे शून्य पूर्णांक शून्य:
गेलो, पाहिलं, नव्हतं.
आडवी रेघ वेगळी.
आडवी रेघ म्हणजे कुणी पाहिलंच नाही.

मी रेघ शोधत बसले, जरा खोडसाळपणानेच.
सत्तावीस वर्षांत एक जागा सापडली.
मार्चची सरळ पट्टी, मागे दोन तारखा, १९ आणि २०.
काल जिथे जळली तिथेच आज पुन्हा जळलेली,
दुपारच्या बाराला तर कागद जवळजवळ तुटलेला.
पेन्सिलीने खाली:
दोन दिवस. वेगळे करता येत नाहीत.

एवढंच.
धक्क्यावरच्या ज्या बाकावर मी डबा खाते
त्याच्या पितळी पाटीवर आयरीन थ्वेट हे नाव आहे,
आणि १९ मार्च.
रोज पाठ टेकून बसत होते मी तिच्यावर.

आज दिवसभर भुरभुर.
बॅटरी घेऊन गेले तर पट्टी खाचेला चिकटलेली,
नखाने सोडवली, ओल्या बिस्किटासारखी कोपऱ्यात तुटली.
गोळा पुसला.
त्यात माझी बॅटरी उलटी दिसली,
माझ्यामागचं पोस्टऑफिसही उलटं.
उद्याची पट्टी सरकवली.

घरी पोचते तो फोन.
"बदललीस?"
हो.
"किती?"
शून्य पूर्णांक शून्य.
"छान," थ्वेट म्हणतात,
आणि फोन लगेच ठेवत नाहीत.