वापरलेला

मेंदोसात ज्या पैशात नुसतं झाकण आलं असतं
त्यात सांतियागोत अख्खा लॅपटॉप येतो,
वर एक माउस, आणि दुकानदाराचं हसू.
म्हणून रात्रीच्या बसने डोंगर ओलांडला आम्ही,
मी आणि नेलिदा मावशी,
जिने याच रस्त्यानं आजवर आणलेत
चार टायर, एक शिवणयंत्र
आणि वेन्सेस्लाओच्या लग्नातले तीन जोड बूट
तिघांच्या पायांत घालून.

खोकं तिनं बसस्टँडवरच टाकलं.
थर्मोकोल, पिशव्या, सगळं.
वॉरंटीचा कागद घडी करून मोज्यात.
पडद्यावरची फिल्म मी सोलणार, तर म्हणाली, थांब,
एवढं सुख मला घेऊ दे.
आणि एका कोपऱ्यापासून, श्वास रोखून, सावकाश…
नव्याचे नऊ दिवस म्हणतात.
याला नऊ तासही मिळाले नाहीत.

झाकणावर नातवाच्या वहीतला डायनोसॉर चिकटवला,
नखानं अर्धा खरवडला.
आल्फाहोर बिस्किट कुस्करून
चुरा बटणांच्या फटींत पेरला.
मग किल्लीनं, उजव्या कोपऱ्यात,
एकच ओरखडा.
बाळाला तीट लावावी
तसा.

"आता आत काहीतरी लिही," ती म्हणाली,
"रिकामं डोकं तिथल्या साहेबाला लगेच कळतं."

बस वळणं चढत होती. एकोणतीस आहेत म्हणतात,
मी सतराव्यानंतर मोजायची थांबले, मळमळत होतं.
यंत्राचं घड्याळ मागे नेलं.
दोन वर्षं, अकरा महिने.
सहज बोट थांबलं तिथे.
तारीख बघितली, आणि लक्षात आलं
की त्या दिवशी
पप्पा होते.

काय लिहायचं असतं जुन्या यंत्रात?
मी लिहिलं: वीजबिल भरलं.
लिहिलं: दुसऱ्या सत्राची फी बाकी.
लिहिलं: पप्पा पहाटेच मळ्यात गेलेत, पाण्याची पाळी आपली आहे,
टोपी विसरलेत, दुपारी नेऊन द्यायची.
एवढंच. मग बोगदा आला
आणि काचेत माझाच चेहरा, पडद्याच्या उजेडात,
निळा.

कस्टमच्या शेडमध्ये गारठा, डिझेलचा वास,
एक कुत्रं प्रत्येक बॅगेशी ओळख करून घेत फिरत होतं.
साहेबाच्या छातीवर पट्टी: किरोगा.
नाक वाहत होतं त्याचं.
"वापरलेला?"
"तीन वर्षं," मावशी म्हणाली, माझ्याआधी.
त्यानं झाकण उघडलं. चुरा पाहिला.
डायनोसॉरकडे पाहिलं, मग मावशीकडे.
फाइल उघडली.
वाचायला लागला, ओठ हलवत,
जसे वाचतात
ज्यांना वाचायची घाई नसते.

माझ्या पोटात सतराही वळणं पुन्हा फिरली.

"मळा कुठे?"
"लावाय्येला."
"मग? धरली का द्राक्षं त्या साली?"

"गारा पडल्या," मी म्हणाले.
सकाळपासून तोंडातून निघालेलं
ते पहिलं खरं वाक्य.

तो काही क्षण ओरखड्यावरून अंगठा फिरवत राहिला.
त्याला कळलं होतं. मला वाटतं, कळलंच होतं.
मग रुमालात शिंकरला, झाकण लावलं,
म्हणाला, पुढे.

उस्पाय्यातापाशी पॉप्लरची झाडं लागली.
मावशीनं माते ओतला, स्वतः आधी प्यायली,
मग मला दिला, कडूजहर.
"तारीख नीट कर आता."
"करते," म्हणाले.
आणि लॅपटॉप मांडीवर तसाच धरून बसले,
बंद. गरम होता अजून.

घरी वायफाय मिळताच
त्यानं ती आपणहून दुरुस्त केली,
मला न विचारता.

आता त्यात प्रबंध आहे, सातशे पानांचे नकाशे, कर्जाचे हप्ते.
ती फाइल सगळ्यांत खाली.
आणि एन्येचं बटण दाबलं
की आतला चुरा
अजून करकरतो.