आकृती ३: चौथा पाय, डावा

लांबी ०.६८ मिलिमीटर. रुंदी लिहिताना
पंख्याने कागद उडाला, पुन्हा मोजली.
रंग: जिवंतपणी तांबडा,
भिजवलेल्या रातांब्याच्या सालीसारखा
(हे वाक्य संपादक काढणार, तरी लिहिते).
मद्यार्कात दुसऱ्या दिवशी फिकट,
तिसऱ्या दिवशी रंगच नाही.

डोळे चार, जोडीजोडीने.
मादी. पोटात अंडी सात.
ग्लिसरीनचा थेंब, वर काच,
कडेने माझंच नखपॉलिश,
बंद.

उजव्या चौथ्या पायाच्या तिसऱ्या पेरावर केस पाच.
घाटापलीकडच्या भावंडाला चारच.
त्या एका केसावर उभी आहे सगळी नवी जात
आणि माझी सहा वर्षं.

मराठीत काय म्हणू हिला?
पाणकोळी म्हणावं तर शब्दकोशातून
झोळीएवढी चोच घेऊन पक्षी उठतो,
नाव त्याचं, आधीपासून.
लाल कोळी म्हटलं
की बागायतदार फवारणीचा पंप शोधायला लागतो.

शाणू वेळीपला विचारलं होतं मी, तिथेच.
नेत्रावळीच्या वर, व्हाळातून कुळागराला पाट फुटतो
तिथे तो गुडघाभर पाण्यात,
पायाने खडी ढवळून देत होता माझ्या जाळीत.
खाली बुडबुड्यांच्या तळीपाशी टाळ्या वाजत होत्या,
सहल आली असावी.
पांढऱ्या बशीत तो ठिपका पळाला,
थांबला, पुन्हा पळाला.
शाणू वाकून बघत राहिला. बराच वेळ.
ज्याला खेकड्यांची नावं येतात, शेवाळांची येतात,
कुठल्या दगडाखाली कुठला मासा निजतो तेही,
तो म्हणाला,
"चाबना, खावंक मेळना,
ताका नांव कित्याक?"

मग त्याचंच नाव दिलं, लॅटिन शेपूट लावून.
'व्युत्पत्ती' या मथळ्याखाली एक ओळ बसते.
तिथे मदतनीस लिहिलं, खोडलं,
वाटाड्या लिहिलं, खोडलं,
शेवटी नुसतंच शाणू वेळीप, नेत्रावळी.

त्यानंतर तीनदा गेलो आम्ही त्याच खडीत.
चतुराची पिल्लं मिळाली, एक जळू,
बिस्किटाच्या पुड्याचा चकाकता कागद.
ती नाही.
प्रसार: फक्त याच ठिकाणाहून ज्ञात.
'ज्ञात' लिहून मी पेन खाली ठेवलं होतं.

छापील प्रत घेऊन गेले तेव्हा तो सुपाऱ्या पसरत होता.
हात लुंगीला पुसून त्याने पानं उलटली.
अक्षरांवरून नजर सरसर गेली,
चित्रांवर थांबली.
पाय मोजले त्याने, बोट ठेवून, एकेक.
सात भरीव. आठवा तुटक रेघेचा.
"हो पांय खंय गेलो?"

काच दाबताना. माझ्या हातून.
म्हणजे डाव्या बाजूला केस चार होते की पाच
ते आता कुणालाच
सांगता येणार नाही, हे मी म्हटलं नाही.
नुसतं म्हटलं, मोडला.

त्याने मान हलवली,
पोफळीवरून पडलेल्या माणसांसाठी
त्यांच्यात हलवतात तशी,
दोष न देता,
आणि पुन्हा उलटी पानं काढत
बघू लागला, आणखी कुठे
काही मोडलंय का.