सात नंबर

जुलैत मालीमच्या जेटीवर
ट्रॉलर दोरखंडांनी एकमेकांना बांधलेले असतात
आणि आम्ही त्यांची पोटं उघडतो.

'देव बरें करूं'चं हेड दोनदा बसवलं.
दोनदा पाणी उतरलं तेलात,
डिपस्टिकवर दुधाळ चहा.
मालक कायतान कठड्यावर बसून
काहीच बोलत नाही. त्याचं हे न बोलणं
एकतीस तारखेपर्यंतच पुरेल.

क्रम चुकला नव्हता.
मधून सुरुवात, मग गोगलगायीच्या शंखासारखं
फिरत फिरत बाहेर,
आधी पाच किलो, मग दहा, मग चौदा.
अठरा बोल्ट, प्रत्येकाच्या डोक्यावर खडूची रेघ.
गास्केट नवं, बिलासकट.
मग मी पान्यावर संशय घेतला.
कुणीतरी तो ताण न उतरवता
महिनाभर पेटीत ठेवला होता;
कुणीतरी म्हणजे मीच.
बेतीच्या उल्हासकडून दुसरा मागून आणला.
तोही तेच सांगतो :
टक्. झालं. पुढचा.

ते टक् माझ्या उजव्या कानापर्यंत
आता पोचत नाही.
चाळीस वर्षं इंजिनाशी त्याच बाजूनं बोललो.
मनगटात बारीक गचका बसतो, तेवढ्यावर भागवतो,
तरी ऐकायला म्हणून सुकांतीला उभी करतो.
सुकांती वेळीप, केप्याची,
आयटीआयचा दाखला अजून प्लास्टिकात.

तिसऱ्यांदा आवळताना ती म्हणाली,
"सातवा लवकर बोलतो."
म्हणजे काय?
"बाकीचे थोडे वळतात, मग बोलतात.
हा वळायच्या आधीच हो म्हणतो."

घट्ट आहे म्हणजे घट्ट आहे, मी म्हणालो,
जरा मोठ्यानेच; हल्ली मोठ्यानेच बोलतो.
तिनं वाद घातला नाही.
पोलादी पट्टी आडवी धरली सहाव्यावर, आठव्यावर.
सातवा नखाएवढा वर.

काढला.
भोकात वेल्डिंगची काडी सोडली,
वर आली ती ओली.

तळाशी चमचाभर पाणी, थोडं तेल.
बाहेरून कुठून आलं नव्हतं,
आम्हीच धुतलं होतं सगळं, नळी लावून,
स्वच्छतेच्या भरात.
बोल्ट हेडवर बसलाच नव्हता,
बसला होता त्या चमचाभर पाण्यावर.
पाणी दबत नाही.
चौदा किलोंचा सगळा जोर ते खाली एकटं झेलत राहिलं,
आणि पाना इमानदारीत सांगत राहिला, जोर लागलाय.
लागला होताच.
अजून एक वेढा दिला असता
तर ब्लॉकला चीर गेली असती.

गेल्या महिन्यात बांबोळीला
कानांच्या डॉक्टरनं विचारलं, आता ऐकू येतं ना?
त्याचे ओठ पुरते मिटायच्या आत
मी हो म्हणालो होतो.
हे सुकांतीला सांगितलं नाही.
काडी पुसत बसलो.

मग अठराही भोकं,
सिरिंजनं ओढून, हवा मारून,
चिंधी आत घालून कोरडी येईपर्यंत.
आट्यांना बोटानं तेल, थेंबभरच.
अकरावा बोल्ट उलटाच निघाला :
वळतोय, वळतोय, जड काही होत नाही.
ताणून ताणून कमरेत बारीक झालेला.
तो भंगारात. त्याला दोष नाही,
त्याला आम्ही तीन वेळा पिळला.

संध्याकाळ झाली. मांडवीवर कॅसिनोंचे दिवे लागले,
फेरीबोट रिकामीच पलीकडे गेली.
कायतान उठून आत आला. "जालें?"

शेवटची फेरी, चौदा किलो.
सातव्यावर आलो. पाना ओढला.
वळला.
अजून थोडा वळला.
मी मान वळवून डावा कान पुढे केला,
सुकांती श्वास धरून उभी,
कायतानही, कशासाठी ते न कळता.
तेवढ्यात पत्र्यावर सर आली
आणि कुणालाच काही ऐकू आलं नाही.

गचका बसला मात्र.
मी तिच्याकडे बघितलं.
ती पट्टी शोधत होती.