एकशे सात

तुर्भ्याला, कांदा-बटाटा मार्केटमागे,
भिंतीला टेकून आमचं स्टूल.
पिवळा डबा, स्पिरिट, कापूस, एक रजिस्टर.
नाव लिहीत नाही आम्ही, नंबर लिहितो:
जुन्या किती आल्या,
नव्या किती गेल्या.

एकशे सातची आई आली होती मागच्या मंगळवारी.
कांदे निवडणारी बाई, केसांत सालं अडकलेली.
"सुया वाटता? माझ्या पोराला?
त्यापेक्षा विषच द्या, एकदाच रडेन."
मी सांगितलं, एकाच सुईत चौघं असतात मावशी,
रक्तातून कावीळ जाते, एचआयव्ही जातो,
पाठ केलेलं सगळं.
तिनं ऐकलं नाही.
माझ्या आईनंही नसतं ऐकलं,
ती लाटणं घेऊन कोपरीच्या पुलापर्यंत
धावली होती माझ्यामागे.

आज ऊन डोक्यावर आलं तरी एकशे सात नाही.
तीच आली.
हातात हिंगाचा रिकामा डबा,
झाकणाला सुतळी करकचून.
"तापलाय. उठवत नाही त्याला."
डबा ठेवला, पदराला हात पुसले,
पुसलेलेच परत पुसले.

मी जोसेफला म्हटलं, बॅग भर, घरी जाऊन बघू.
डब्यातून अकरा निघाल्या.
अकरा नव्या मोजल्या, तिच्यासमोर,
ती ओठ हलवत माझ्याबरोबर मोजत होती.

मग रजिस्टरावर बोट ठेवून, खाली बघत,
"त्याच्यासोबत एक झारखंडचा असतो,
त्याचं इथं कोणी नाही.
बारा द्या."