उद्योग-गणना, खानापूर तालुका

फॉर्म कन्नडमध्ये होता. मी मराठीत विचारत गेलो
आणि उत्तरं दोन्हींत कालवून आली,
इकडची माती तशी येते, थोडी तांबडी, थोडी गाळाची,
एकदा तुडवली की कुठली कुठली
ते तुडवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

ओढ्याच्या अलीकडे शट्टूप्पाचा कौलांचा कारखाना.
कारखाना म्हणजे सात माणसं, माती मळायचं एक यंत्र
आणि दोन पत्रे उडालेलं छप्पर.
मी पोचलो तेव्हा यंत्र बंद.
साताप्पा मुलीला भेटायला नंदगडला गेलेला,
बाकीचे चहा घेत भांडत बसलेले,
फुटकी कौलं कुणाच्या नावावर धरायची म्हणून.
"परशा उद्यमबागेत गेल्ता फौंड्रीत.
दिवाळी करून आला परत. पाय भाजत्यात म्हणाला."
जाणं आणि येणं
एकाच घोटात सांगून त्यांनी कप उपडे घातले.
रोजचं उत्पादन?
"हुईल तेवढं."
मी तीनशे लिहिलं.

पलीकडे वीटभट्टी.
मालकानं स्वतः खुर्ची पुसली, लिंबू पिळलं,
आवाज असा मऊ की रागवायला जागा नाही.
मी अकरा कामगार लिहिले तर त्यानंच सुधारलं,
"बावीस लिवा गुरुजी. बाया धरून."
आणि पोरं?
"पोरं खेळत्यात आपली."
पोरं ओल्या विटा उलटत होती,
वाळलेली बाजू खाली, ओली बाजू उन्हाला,
वाकून, रांगेनं, एकही वीट न मोडता.
खेळात इतकं शहाणपण मी माझ्या शाळेत पाहिलेलं नाही.

हनमंतानं उचल घेतली होती अठ्ठावीस हजार.
तीन हंगाम झाले, आता एकतीस आहे.
"विटा घालेल तसा ढीग वाढतो,
तसंच असंल तेबी," म्हणाला.
हसेल असं वाटलं, हसला नाही.
यमनव्वा साच्यातली माती हातानं निपटत बोलली,
माझ्याकडे न बघता:
सासू मेली तेव्हा मातीला जायला सोडलं मला.
ह्यांना न्हाई.
आई ह्यांची, आन् गेले मी.
ह्यांना ठिवून घेतलं, म्हंजे मी माघारी येणार.

खोल्या नीट होत्या. विटांच्याच.
दारांना कड्या, बाहेरून.
"कुत्री शिरत्यात," मालक म्हणाला
आणि सरबतात आणखी साखर हवी का विचारलं.

हजेरीत एकही खाडा नाही.
जोडीमागे रोज बाराशे.
रकाने होते: भांडवल, इंधन, हात किती,
यंत्र असल्यास अश्वशक्ती.
जाता येतं का, असा रकाना नव्हता.
मी समासात पेन्सिलीनं "कडी" लिहिलं
आणि मग, खाडाखोड चालत नाही म्हणून,
खोडून टाकलं.

तालुक्याला साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.
एकच ओढा, एकच माती, जळणही त्याच रानातलं.
"फरक बघा," म्हणाले, "पलीकडचे पुढं गेले.
कुंभारांना चहातनं सवड कुठाय?"
त्यांनी एका कागदावर बरोबरची खूण केली.
सही माझीच होती. दोन्हींवर.

जूनमध्ये शाळेची नवी खोली झाली.
गिलावा पैशाअभावी राहिला.
वर शट्टूप्पाची कौलं, एक सरळ तर एक तिरकं,
पश्चिमेकडून थोडं गळतं, शिव्या देतो मी त्याला.
भिंत मात्र ओळंब्यात. एकसारखी. पलीकडची.
फळ्याच्या उजवीकडे, माझ्या कमरेच्या उंचीवर
एका विटेत चार बोटं उमटलीत,
ओली असताना उलटताना रुतलेली.
दुसरीतल्या निंगव्वानं परवा आपली बोटं त्यात घातली.
बरोबर बसली.
"कुणाची हो गुरुजी?"

मी तिथं खिळा मारून
जिल्ह्याचा नकाशा लावलाय.
त्यात ओढा दाखवलेला नाही, तेवढा मोठा नाही तो.
वारा आला की नकाशा उचलतो.